पुठ्ठ्यातला कागद

डिपॉझिट नाही, दोन जामीनदार नाहीत,
छत्रीसुद्धा दाराशी ठेवावी लागत नाही.
त्या ग्रंथालयात मी गंज पेठेतून शिरते,
दस्तगीरभाईंच्या बाइंडिंगच्या दुकानातून,
त्यांच्या मुलाच्या वायफायवर.

पान वरून खाली उघडत जातं, कासवासारखं:
आधी समास, मग किड्यानं पाडलेलं भोक,
मग शाई.
पाचशे वर्षांपूर्वीचं स्पेन,
आणि कोपऱ्यात, रबरी टोपण घातलेला
कुणाचा तरी अंगठा.
स्कॅन करताना राहून गेलेला.
त्याचं नाव सूचीत नाही.

भाषा स्पॅनिश. ती मला येते,
सकाळी सातच्या बॅचला घासलेली, चार वर्षं
(त्यातली दोन आईच्या आजारपणात गेली).
पण अक्षरं अरबी.
त्या माणसांच्या तोंडातून अरबी केव्हाच गेली होती,
बोटांतून गेली नव्हती.
माझ्या पणजोबांची मराठी मोडीत आहे,
तीही मला वाचता येत नाही, ते सोडा.

दस्तगीरभाईंना अक्षरं येतात,
लहानपणी छडीखाली बसवून घेतलेली.
म्हणून आमची वाटणी अशी:
ते उच्चारतात, मी ऐकते.
त्यांना अर्थ लागत नाही, मला आकार.
दोघांत मिळून एक वाचक,
तोही अडखळणारा.

संध्याकाळी तीन ओळी. दिवस बरा असेल तर साडेतीन.
एका खिडकीत कोश,
दुसरीत कुणा प्राध्यापकानं जमवलेली शब्दांची यादी,
जिचा दुवा महिन्यातून दोनदा मरतो.
मधेच गिऱ्हाईक: "सोसायटीची रजिस्टरं झाली का?"
"मंगळवारी," दस्तगीरभाई म्हणतात,
आणि त्याच सुरात पुढचं अक्षर.

अकरा आठवडे असे.
ग्रंथात नुसता उपदेश निघाला,
काय खावं, कसं निजावं, कुणाशी बोलू नये.
मला कंटाळा आला होता. सांगायला हरकत नाही.

परवा ते म्हणाले, "मजकूर राहू दे. कव्हर दाखव."
कव्हर तीनशे चाळिसाव्या प्रतिमेत.
तिथवर कोण जातं?
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"शिवण बघ, घाईत घातलीय.
आणि पुठ्ठा कागदाचाच,
थरावर थर चिकटवून केलेला. आम्हीपण करायचो.
आतासुद्धा करतो कधी. ही पतपेढीची लेजरं बघ,
पोटात लग्नाच्या पत्रिका आहेत,
छापून वाया गेलेल्या."

अस्तर फाटलं होतं. फटीतून एक चिटोरा.
मी तो मोठा केला, आणखी मोठा, इतका की
अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उरले.
मग एक पायरी मागे.

"न... र... नरंजश," ते वाचू लागले.
"अस्... सु... कर."
मी अर्थ लिहायला वही ओढली.
"थांब."
त्यांनी पुन्हा वाचलं, हळू,
मंडईच्या गर्दीत
शाळेतला कुणी दिसावा तसं:
"सुकर. शक्कर. साखर!
मग आधीचं ते नारिंग."

कधी निघाले होते हे शब्द इकडून,
कुठल्या गलबतानं, कुणाच्या तोंडी,
सूचीत तेही नाही.

उधारीची यादी होती. खाली बाईचं अर्धं नाव,
आणि "देणं बाकी",
एवढं मी वाचलं, म्हणजे त्यांनी वाचलं.
पुढचं सगळं खळीत गेलेलं.

दुकान बंद व्हायच्या वेळी
पतपेढीच्या शेवटच्या लेजराला पुठ्ठा घालताना
दस्तगीरभाईंनी एक पत्रिका उचलली,
मुलामुलीची नावं एकदा मोठ्यानं वाचली,
आणि रोज उलटी लावतात ती
सुलटी चिकटवली.